विश्लेषण : सिरॅमिक कोटिंग ९,९९९ रुपयांत कसे परवडते? कार डिटेलिंगचा दर ठरतो तरी कसा?

काही वर्षांपूर्वी शहराबाहेरच्या रस्त्यावर ‘वॉशिंग सेंटर’ची पाटी असायची. आता त्याच जागी ‘डिटेलिंग स्टुडिओ’ची पाटी दिसते. पुणे असो वा नाशिक, अर्धा दिवस फिरलात तर एकाच गाडीच्या एकाच कामाला कुणी ९,९९९ रुपये सांगतो, कुणी २२ हजार. ग्राहकाला वाटते, दुसरा लुटतोय. माझ्या इंजिनीअरिंगच्या बॅचमधला एक मित्र या धंद्यात आहे. आयटीतली नोकरी सोडून त्याने पुण्याच्या हद्दीवर शेड भाड्याने घेतली आणि शेजारच्याचा दर बघून त्यापेक्षा ५०० रुपये कमी लावले. गाड्यांची रांग लागली. आठ महिन्यांनी मात्र शेडचे भाडे द्यायला त्याला भावाकडून उसने घ्यावे लागले. रांग असूनही पैसे का उरले नाहीत, हे समजून घेतले की या धंद्यातल्या दराचे गणित उलगडते.

डिटेलिंग म्हणजे नेमके काय?

धुणे हा त्यातला पहिला आणि सर्वांत स्वस्त भाग. शाम्पूने धुतल्यावरही रंगावर हात फिरवला की खरखर लागते. ब्रेकमधून उडालेले लोखंडाचे कण आणि डांबराचे ठिपके रंगात रुतून बसलेले असतात. ते केमिकलने आणि क्ले बारने काढावे लागतात. त्यानंतर येते पेंट करेक्शन, म्हणजे मशिनने पॉलिश करून बारीक ओरखडे काढणे. सिरॅमिक कोटिंग किंवा पीपीएफ ही पारदर्शक फिल्म सर्वांत शेवटी.

ग्राहक पैसे मोजतो ते कोटिंगच्या नावाने. तास जातात ते करेक्शनमध्ये. दराचा सगळा घोळ इथून सुरू होतो.

फोनवर दर का सांगता येत नाही?

कारखान्यातून आलेल्या गाडीवरचा सगळा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन जाडीचा असतो. त्यातला सर्वांत वरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, ४०-५० मायक्रॉनच्या आसपास. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा धरा. (वर्कशॉपमध्ये स्क्रू गेजवर केसाची जाडी मोजताना याचा पुढे कुठे उपयोग होईल, असे वाटले नव्हते.) पॉलिश करताना याच थरातले काही मायक्रॉन घासले जातात. म्हणजे ओरखडा भरत नाही, त्याच्या भोवतालचा रंग खाली येतो. हे काम एका गाडीवर मोजक्याच वेळा करता येते आणि दर वेळी आधी जाडी मोजणे गरजेचे असते.

एखादे पॅनल अपघातानंतर पुन्हा रंगवलेले असेल तर गेजवर आकडा एकदम वाढलेला दिसतो. खाली पुट्टी असेल तर आणखी जास्त. प्लॅस्टिकच्या बंपरवर नेहमीचा गेज चालतच नाही, तिथे अनुभवावरच काम करावे लागते. पांढऱ्या गाडीवर ओरखड्यांची जाळी लपते. काळ्या गाडीवर उन्हात ती कोळ्याच्या जाळ्यासारखी उठून दिसते. सोसायटीत बोअरच्या पाण्याने रोज धुतल्या जाणाऱ्या गाडीच्या काचेवर क्षारांचे पांढरे डाग बसतात, त्यांना वेगळा वेळ लागतो. ‘सेडानचे किती?’ या प्रश्नाला फोनवर उत्तर देणारा गाडी न बघताच तासांचा अंदाज बांधत असतो. बहुतेकदा तो अंदाज कमीच निघतो.

तासाचा दर कसा काढायचा?

मित्राच्या वहीतला हिशेब असा. आकडे गोल केले आहेत आणि भाडे गावागणिक बदलेल. शेडचे भाडे ३० हजार. दोन पोरांचा पगार ३२ हजार. वीज, पाणी, इंटरनेट ८ हजार. मशिन, कॉम्प्रेसर, लाइट यांची १ लाख ८० हजारांची खरेदी तीन वर्षांवर वाटली तर महिन्याला ५ हजार. जाहिरात आणि किरकोळ खर्च ५ हजार. एकूण ८० हजार. त्यात त्याचा स्वतःचा पगार ४० हजार धरला की झाले १ लाख २० हजार.

महिन्याचे २६ दिवस, रोज ८ तास, म्हणजे २०८ तास. भागाकार केला तर तासाला ५७७ रुपये. पहिले वर्षभर त्याने हाच आकडा धरला होता. पण यातले बरेच तास फोनवर, चौकशीला आलेल्या लोकांशी बोलण्यात, मायक्रोफायबर धुण्यात आणि गाडीची वाट बघण्यात जातात. बिलात लावता येतील असे तास मोजले तेव्हा भरले साधारण १२५. म्हणजे तासाला ९६० रुपये.

आता मध्यम सेडानचे दोन टप्प्यांचे करेक्शन आणि कोटिंग घ्या. दोन दिवसांत मिळून १४ तास. १४ गुणिले ९६० म्हणजे १३,४४०. कोटिंगची बाटली, पॅड, कंपाउंड, टॉवेल यांचे ३ हजार. त्यावर १५ टक्के नफा धरला की १८,९०६ रुपये. एखादे काम पुन्हा करावे लागले तर त्याचा खर्च याच नफ्यातून जातो.

हेच काम ९,९९९ ला घेतले तर सामान वजा जाता ६,९९९ उरतात, तासाला ५००. स्वतःचा पगार शून्य धरला तरी त्याचा खर्च तासाला ६४० येतो. म्हणजे प्रत्येक गाडीमागे सुमारे दोन हजारांचा तोटा, शिवाय दोन दिवसांची मेहनत फुकट. ९,९९९ मध्ये परवडतील असे तास फक्त सात. जो हा दर लावूनही वर्षानुवर्षे टिकून आहे, तो बहुधा सातच तास काम करतो. करेक्शन वरवरचे होते आणि ओरखड्यांवरच कोटिंग चढते.

इथे एक शंका रास्त आहे. मंगळवारी शेड रिकामीच असेल तर कमी दरात गाडी घेतली म्हणून काय बिघडले? हिशेबाने काहीच बिघडत नाही, भाडे तसेही द्यायचेच असते. अडचण पुढच्या रविवारी येते, कारण तो ग्राहक मित्राला घेऊन त्याच दरात येतो. सवलत द्यायचीच तर ‘मधल्या वारांचा दर’ म्हणून बोर्डावर उघड लिहावी.

जीएसटीचे काय?

सेवा देणाऱ्यांना महाराष्ट्रात वार्षिक उलाढाल २० लाखांच्या वर गेली की नोंदणी बंधनकारक होते आणि या कामावर १८ टक्के कर लागतो. वरच्या हिशेबात महिन्याला नऊ गाड्या धरल्या तर उलाढाल वर्षाला २० लाखांच्या पुढे जाते. तेव्हा १८,९०६ चे बिल २२,३०९ होते. घरगुती ग्राहकाला या कराचे क्रेडिट मिळत नाही, त्यामुळे त्याच्या दृष्टीने ती सरळ दरवाढच. नोंदणीची वेळ जवळ आली की नवीन दर आधीच कळवलेले बरे.

मग ग्राहक मिळवायचा कसा?

दुप्पट दर सांगून ग्राहक टिकवायचा तर त्याला फरक डोळ्यांनी दिसला पाहिजे. मित्र आता बॉनेटवर टेप लावून फूटभर चौकोन आखतो, त्याचा अर्धा भाग पॉलिश करतो आणि लाइटखाली ग्राहकाला उभे करतो. पंधरा मिनिटांचे काम, त्याचे पैसे घेत नाही. नख अडकेल इतका खोल ओरखडा असेल तर ‘हा जाणार नाही, हलका दिसेल’ असे आधी सांगतो आणि जॉब कार्डवर लिहून सही घेतो.

घासाघीस होतेच. त्याच्या शेडवर बसलो असताना एक गृहस्थ म्हणाले, ‘‘भाऊ, पलीकडचा नऊ हजारांत करतो.’’ मित्र म्हणाला, ‘‘काका, नऊ हजारांत मीही करतो. एकाच टप्प्याचे पॉलिश आणि साधे सीलंट, कोटिंग नाही. उन्हात थोडी जाळी दिसेल.’’ दर तोच ठेवून काम कमी केले. काकांनी ते छोटे काम घेतले.

आठ वर्षांची हॅचबॅक घेऊन येणाऱ्याला तो बऱ्याचदा कोटिंग नको म्हणून सांगतो. आतली स्वच्छता आणि एक पॉलिश पुरते. त्या दिवशी बिल कमी होते. पण सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘त्याने स्वतःच नको म्हटले’ हा मेसेज फिरतो तेव्हा त्या सोसायटीतून पुढच्या दोन-तीन गाड्या येतात. जुन्या गाड्यांचे डीलर एकगठ्ठा काम देतात खरे, पण दर पाडून मागतात आणि पैसे उशिरा देतात. रिकामे दिवस भरायला ठीक, त्यांच्या भरवशावर शेडचे भाडे ठरवू नये.

जाहिरातीत काय लिहू नये?

‘नाइन-एच हार्डनेस, आता ओरखडा पडणारच नाही.’ हा नाइन-एच पेन्सिलच्या मोजपट्टीवरचा आकडा आहे. ठरावीक कडकपणाच्या पेन्सिलीने थरावर ओरखडा उठतो का, एवढेच त्यात बघतात. काही मायक्रॉनच्या कोटिंगला किल्लीचा ओरखडा थांबवता येत नाही. पाणी झटकन ओघळते, गाडी धुणे सोपे होते, चमक जास्त टिकते, हे फायदे खरे आहेत आणि तेवढेच लिहावेत. दगडाच्या माऱ्यापासून थोडेफार वाचवते ती पीपीएफ, कारण ती दीडशे-दोनशे मायक्रॉन जाडीची असते. तिचा खर्चही त्याच प्रमाणात वाढतो. खोटे आश्वासन लेखी दिले तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार होऊ शकते. व्हॉट्सॲपवरचा मेसेजही तिथे पुरावा म्हणून पुढे येऊ शकतो.

सध्या मित्राकडे महिन्याला आठ-नऊ मोठी कामे येतात, पूर्वीच्या निम्मी. भावाचे पैसे दिवाळीआधी फिटले. ज्यांच्या गाड्यांना कोटिंग केले त्यांना तो दर चार महिन्यांनी तपासणी आणि धुण्यासाठी बोलावतो, त्याचे वेगळे पैसे घेतो. शेडचे अर्धे भाडे आता त्यातूनच निघते. दसऱ्याच्या आठवड्यासाठी मात्र त्याने यंदा आधीच ३० टक्के आगाऊ रक्कम घ्यायला सुरुवात केली आहे. गेल्या दसऱ्याला तिघांनी आदल्या रात्री फोन करून बुकिंग रद्द केले, तेव्हा कोटिंगची एक बाटली उघडलेली होती आणि ती वाया गेली.