चार ओळींचा इतिहास

लांबच्या मोटारप्रवासात रस्त्याकडेचा एखादा स्मृतिफलक क्षणभर दृष्टीस पडतो आणि मागे सरतो. ‘येथे अमुक घडले’ एवढेच त्यावर असते. प्रवासी ते वाचतो, खरे मानतो आणि पुढे जातो. दगडात बसविलेल्या धातूच्या अक्षरांविषयी शंका घेण्याची आपल्याला सवय नसते. परंतु ती अक्षरे कोणी निवडली आणि कोणती गाळली, हा प्रश्न विचारू लागले की फलकामागचा इतिहास फलकाहून मोठा असल्याचे ध्यानात येते.

अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यातील इन्यो जिल्हा या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. विस्तार दहा हजार चौरस मैलांहून अधिक, आणि लोकसंख्या मात्र २०२० च्या शिरगणतीप्रमाणे अवघी एकोणीस हजार! एका बाजूस सिएरा नेवाडाची हिमाच्छादित शिखरे, दुसऱ्या बाजूस उघडेबोडके डोंगर, आणि मधल्या ओवेन्स खोऱ्यातून जाणारा ३९५ क्रमांकाचा महामार्ग. याच मार्गालगत राज्य सरकारच्या नोंदीतील अनेक ऐतिहासिक स्थळे आहेत.

लोन पाइन गावाच्या उत्तरेस एका उंचवट्यावर कुंपण घातलेली कबर आहे. २६ मार्च १८७२ रोजी झालेल्या भूकंपात हे गाव जवळजवळ उद्ध्वस्त झाले आणि २७ माणसे दगावली. त्यांपैकी सोळा जणांना येथे एकत्र पुरले. निसर्गाच्या कोपाबद्दल कोणाचे दुमत नसते. म्हणून हा फलक निर्वेधपणे सत्य सांगू शकतो.

बिशप गावाजवळचा फलक मात्र वाचकाला थबकवितो. ६ एप्रिल १८६२ रोजी नवे वसाहतवाले आणि येथील मूळचे पायूट व शोशोनी लोक यांच्यात लढाई झाली, असे तो सांगतो. लढाईचे कारण मात्र आता हरपले आहे, अशी पुस्तीही जोडतो. कारण खरोखर हरपले होते काय? पायूट लोक ओढ्यांना पाट काढून रानातील कंदमुळे व गवताचे बी वाढवीत आणि त्यावरच गुजराण करीत. वसाहतवाल्यांची गुरे त्यात चरली. १८६१-६२ चा हिवाळा अतिशय कडक होता. उपासमारीने गांजलेल्यांनी गुरे मारली, गुराख्यांनी बंदुका चालविल्या. पुढे १८६३ मध्ये सुमारे नऊशे पायूटांना सैन्याच्या पहाऱ्यात खोऱ्याबाहेर नेण्यात आले. शौर्याला फलकावर जागा मिळाली. भुकेला मिळाली नाही.

या दोन गावांच्या दरम्यान मॅन्झनार आहे. स्पॅनिश भाषेतील या नावाचा अर्थ सफरचंदांची बाग. पाण्यासाठी लॉस एंजल्स शहराने या भागातील जमिनी विकत घेतल्या आणि बागा ओसाड झाल्या. १९४२ मध्ये त्याच जागी काटेरी तारांचे कुंपण उभे राहिले. दुसऱ्या महायुद्धात जपानी वंशाच्या सुमारे एक लाख वीस हजार लोकांना अमेरिकन सरकारने घरादारांतून उठविले. त्यांतील दोनतृतीयांश जन्माने अमेरिकेचेच नागरिक होते. मॅन्झनारमध्ये एका वेळी दहा हजारांहून अधिक माणसे कोंडलेली होती.

१९७३ मध्ये येथे फलक बसविण्याचे ठरले, तेव्हा शब्दांवरून झगडा झाला. अधिकाऱ्यांना सौम्य भाषा हवी होती. तारुण्यात याच छावणीत राहावे लागलेल्या स्यू कुनितोमी एम्ब्री व त्यांचे सहकारी मात्र ‘छळछावणी’ याच अर्थाच्या शब्दावर आणि वंशद्वेषाच्या स्पष्ट उल्लेखावर अडून बसले. अखेर ते शब्द राहिले. छावणीतीलच एक पाथरवट र्‍योझो काडो यांनी बांधलेल्या पहाऱ्याच्या दगडी चौकीवर तो फलक बसविण्यात आला. नंतर कोणीतरी त्या बोचऱ्या शब्दाचे पहिले अक्षर घासून काढले. १९८८ मध्ये अमेरिकन संसदेने कायदा करून या अन्यायाबद्दल क्षमा मागितली आणि हयात असलेल्या प्रत्येक पीडितास वीस हजार डॉलर देऊ केले. ज्या शब्दाला अधिकारी बिचकत होते, त्यामागचे सत्य पंधरा वर्षांनी सरकारनेच मान्य केले.

फलक लहान असतो, म्हणूनच त्यावरील प्रत्येक शब्दाला मोल असते. प्रवासात असा एखादा फलक दिसल्यास घटकाभर थांबून तो अवश्य वाचावा. आणि त्यावर कोणाचे नाव नाही, याचाही विचार करावा.