परिसराचे 'टिकणे' मोजावयाचे कसे?

विद्यापीठाच्या परिसरातील पर्यावरणाचा विचार अलीकडे 'शाश्वतता' या संज्ञेने केला जातो. भाषेच्या अभ्यासकास ही संज्ञा काहीशी अडचणीची वाटते. 'शाश्वत' म्हणजे नित्य, अविनाशी. जे नित्य आहे त्यात अधिक-उणे कसे ठरवावे? 'टिकणे' हे साधे क्रियापद मात्र प्रश्न बरोबर घेऊनच येते : काय टिकते, किती काळ, आणि कशाच्या बळावर? परिसराचे नियोजन व मापन या तीन प्रश्नांपासून सुरू व्हावे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

उदाहरण वऱ्हाडातलेच घेऊ. सिपना नदीकाठचे सेमाडोह हे गाव १९७३-७४ साली स्थापन झालेल्या मेळघाट व्याघ्रप्रकल्पात आहे. कोरकू भाषेत 'सिपना' म्हणजे साग. नदीच्या नावातच तेथील वनाची नोंद आहे. देशातील अशा प्रकल्पांत पूर्वी वाघांची गणना पावलांच्या ठशांवरून होत असे. २००५ साली राजस्थानातील सारिस्का येथे एकही वाघ उरला नसल्याचे उघड झाले. कागदोपत्री मात्र तोवर वाघ नांदत होते. २००६ च्या गणनेपासून कॅमेऱ्याने टिपलेली छायाचित्रे व संख्याशास्त्र यांचा आधार घेण्यात आला, आणि वाघाबरोबर त्याचे भक्ष्य व अधिवास यांचीही नोंद होऊ लागली. म्हणजे जे टिकवावयाचे, त्याच्याइतकेच ते ज्याच्या बळावर टिकते, तेही मोजावे लागते.

विद्यापीठांच्या अहवालांत लावलेल्या रोपांची संख्या येते, ती या जुन्या ठशांसारखीच होय. तीन उन्हाळ्यांनंतर त्यांतील किती झाडे जगली आणि त्यांस पाणी कोठून मिळाले, हे खरे मापन.

दुसरा प्रश्न भारांकांचा. इंडोनेशिया विद्यापीठाने २०१० साली सुरू केलेली 'ग्रीनमेट्रिक' ही क्रमवारी प्रसिद्ध आहे. तिच्या २०२३ पर्यंतच्या सहा निकषांत ऊर्जा व हवामान यांना शंभरांपैकी २१, तर पाण्याला केवळ १० गुण होते. जागतिक तुलनेस हे प्रमाण चालेल. परंतु पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात, जेथे विहिरीस पाणी लागूनही ते पिण्याजोगे नसते, तेथील महाविद्यालयाने हेच प्रमाण आपल्या नियोजनास लावणे कितपत युक्त? क्रमवारीत वर चढण्याच्या ओघात आपली मूळ निकडच दुर्लक्षित राहण्याचा धोका येथे आहे.

तिसरा प्रश्न सीमेचा. १९८३ साली स्थापन झालेल्या अमरावती विद्यापीठाचा परिसर पोहऱ्याच्या वनाला लागून आहे; वन्य प्राणी कुंपण मानीत नाहीत. अमरावती शहरास पाणी मिळते ते मोर्शीजवळील अप्पर वर्धा धरणातून. तेव्हा परिसराचा हिशेब फाटकापाशी संपवून कसे चालेल?

यावरून नियोजनाचा क्रम असा दिसतो : प्रथम सीमा ठरवावी, नंतर एका निश्चित वर्षाची पाणी, वीज, कचरा व झाडे यांची आधारनोंद करावी, पाणी व वीज यांचा वापर एकूण आणि दरमाणशी असा दोन्ही रीतींनी लिहावा, कारण विद्यार्थिसंख्या वाढली की दरडोई आकडा घटूनही एकूण उपसा वाढू शकतो, आणि हीच नोंद दरवर्षी त्याच पद्धतीने करावी. पद्धत बदलावी लागल्यास एक वर्ष जुनी व नवी दोन्ही चालवावी, म्हणजे तुलनेचा धागा तुटत नाही.

नोंदीचे हे काम पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी अंगावर घेतले, तर परिसर हीच त्यांची प्रयोगशाळा होईल. काय टिकवावयाचे, हे ठरविण्याचा अधिकारही मग केवळ क्रमवारीकडे राहणार नाही.