लेन्सचा ग्राहक टिकतो कशाने?

चष्म्याच्या दुकानात कॉन्टॅक्ट लेन्स मागणारे तरुण-तरुणी आता लहान शहरांतही येतात. कुणाचे लग्न ठरलेले असते, कुणाला मैदानावर चष्मा अडचणीचा होतो, तर कुणाला जाड काचांचा कंटाळा आलेला असतो. मोठ्या हौसेने लेन्स घेतली जाते आणि काही महिन्यांत तोच ग्राहक पुन्हा चष्मा लावून रस्त्यात भेटतो. "हौस होती, फिटली," असे म्हणून दुकानदार विषय संपवतो. आम्हाला हे पटत नाही.

ब्रिटनमध्ये या प्रश्नाची पद्धतशीर पाहणी झाली असून तिचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. २९ केंद्रांतील ५२४ नव्या ग्राहकांच्या नोंदी तपासल्या गेल्या. वर्षअखेर ७४ टक्के लोक लेन्स वापरत होते. ज्यांनी सोडली, त्यांपैकी जवळजवळ निम्म्यांनी ती पहिल्या ६० दिवसांतच सोडली होती. लेन्स डोळ्यात टोचते म्हणून लोक सोडत असतील, असा आपला समज असतो. ते कारण होतेच, पण त्याहून जास्त लोकांची तक्रार नीट दिसत नाही अशी होती. लेन्स घालता-काढता न येणे हे तिसरे कारण. सर्वांत महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. सोडणाऱ्यांपैकी सुमारे ७१ टक्के लोकांना दुसरी लेन्स किंवा दुसरा उपाय देऊन पाहिलाच गेला नव्हता!

म्हणजे ग्राहक गेला, कारण त्याला कुणी विचारले नाही.

दुकानदाराने काय करावे?

पहिली गोष्ट नंबराची. चष्म्याचा नंबर तसाच्या तसा लेन्सला चालत नाही. चष्म्याला मायनस ६ असेल, तर लेन्सला साधारण मायनस ५.५० लागतो. सिलिंडरचा नंबर असताना साधी लेन्स दिली, तर अक्षरे धूसर दिसणारच. तिथे टोरिक लेन्सच हवी. म्हणून नेत्रतज्ज्ञ किंवा प्रशिक्षित ऑप्टोमेट्रिस्टकडून तपासणी झाल्याशिवाय लेन्स देऊच नये.

दुसरी गोष्ट शिकवण्याची. ग्राहकाने आपल्या समोर, आपल्या हाताने लेन्स दोन-तीन वेळा घालून व काढून दाखवल्यावरच त्याला घरी पाठवावे. बोटावर ठेवलेली लेन्स वाटीसारखी दिसली तर सुलटी, कडा बाहेर वळल्या तर उलटी, ही साधी खूण सांगावी. हात साबणाने धुवून कोरडे करावेत. लेन्सला नळाचे पाणी कधीही लावू नये. रोज नवी घालण्याची लेन्स दुसऱ्या दिवशी वापरू नये. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय लेन्स घालून झोपू नये.

तिसरी गोष्ट विचारपूस. पहिल्या आठवड्यात एक फोन आणि महिन्याच्या आत एकदा दुकानात बोलावणे. "दूरचे दिसते का? जवळचे दिसते का? संध्याकाळी डोळे कोरडे पडतात का?" एवढे तीन प्रश्न पुरेत. उत्तर नकारार्थी किंवा तक्रारीचे आले, तर ग्राहकाला दोष न देता नंबर, माप किंवा लेन्सचा प्रकार बदलून पाहावा.

मात्र डोळा लाल झाला, दुखू लागला, उजेड सहन होईना किंवा अचानक अंधुक दिसू लागले, तर "सवय होईल" असे म्हणणे हा गुन्हा ठरेल. लेन्स ताबडतोब काढायला लावून ग्राहकाला त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवावे. एका लेन्सच्या नफ्यापेक्षा डोळा मोठा आहे.

हौस ग्राहकाला दुकानात आणते. त्याला टिकवते ती स्वच्छ नजर, हाताला आलेली सवय आणि अडचणीत विचारायला कुणीतरी आहे हा भरवसा. आमच्या व्यापारी बांधवांना यासाठी नवे भांडवल लागणार नाही. एक वही, ग्राहकाचा फोन नंबर आणि आठव्या दिवसाची आठवण, इतक्यावर हे काम सुरू होते.