रात्री दुखणारे पाय

मीरा-भाईंदरमधील अनेक व्यापारी घरांत दुकान वाढवून घरी परतेपर्यंत मुले झोपी गेलेली असतात. अशा शांत वेळी एखादे मूल पोटऱ्या धरून रडत उठते आणि सकाळी मात्र हसत-खेळत शाळेस निघते. मग घरच्यांस वाटते, रात्रीचे ते नाटकच होते! पण ती वेदना खरी असते.

साधारणपणे ३ ते १२ वर्षांच्या मुलांत आढळणाऱ्या या त्रासाला 'वाढीच्या वेदना' म्हणतात. हे नाव १८२३ पासून चालत आले असले, तरी हाडांच्या वाढीमुळेच पाय दुखतात असे सिद्ध झालेले नाही. दिवसभराच्या धावपळीने आलेला स्नायूंचा थकवा हे एक संभाव्य कारण मानले जाते.

अशा वेळी पोटऱ्या व मांड्या कोमट तेलाने हलक्या हाताने चोळाव्यात, सोसवेल इतका शेक द्यावा, पाऊल हळूच वर वळवून पोटरी ताणावी. चौविहार पाळणाऱ्या घरांतही हे उपचार निःशंकपणे करता येतात, कारण त्यांत मुखावाटे काहीच घ्यावयाचे नसते. वेदनाशामक औषध डॉक्टरांना विचारूनच द्यावे. अ‍ॅस्पिरिन मुलांना स्वतःहून कधीही देऊ नये.

मात्र दुखणे सतत एकाच पायात असेल, मूल सकाळीही लंगडत असेल, सांध्यास सूज, ताप किंवा वजनात घट दिसेल, तर चोळण्यात दिवस न घालवता बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. एरवी मुलास औषधाहून अधिक हवा असतो तो आईवडिलांचा विश्वास.