मोठा बँडसॉ हवाय? आधी लाकूड बघा!

सोमवार ते शुक्रवार मॉनिटर, शनिवार-रविवार रंधा आणि पटाशी! सुतारकामाची चटक लागलेली मंडळी हल्ली प्रत्येक ऑफिसात सापडतात. फ्लॅटच्या बाल्कनीत जिगसॉ चालवून शेजाऱ्यांची बोलणी खाल्ली, की गावचं घर आठवतं. तिथे पडवी असते, अंगण असतं. एक छोटा बँडसॉ येतो, वर्षभर मजेत चालतो. मग डोक्यात किडा वळवळायला लागतो: आता मोठा घ्यायचा!

घ्या की. पण मोठा म्हणजे नेमकं काय, ते आधी समजून घेऊ.

चौदा इंच कशाचे?

बँडसॉ म्हणजे दोन चाकांवर पट्ट्यासारखी फिरणारी करवत. वखारीत ओंडके चिरणाऱ्या आरा मशीनचं हे धाकटं भावंडं. कल्पना एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीची, पण सतत वाकून पातं जोडावर तुटायचं. फ्रान्सच्या अ‍ॅन पॉलिन क्रेपँ या बाईंनी जोड टिकवण्याची युक्ती शोधली आणि १८४६ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला. त्यानंतरच हे यंत्र खऱ्या अर्थाने कामाचं झालं.

१४ इंची, १८ इंची हा आकडा चाकाच्या व्यासाचा. तुमच्या कामाचा आकडा वेगळाच आहे: टेबलापासून वरच्या गाइडपर्यंतची उंची. साध्या १४ इंचीत ती साधारण ६ इंच मिळते, १८ इंचीत १२ इंच किंवा थोडी जास्त. खेळणी, वळणदार पाय, गोल कोपरे यांना छोटं मशीन पुरतं. रुंद फळी उभी धरून तिच्या पातळ फळ्या काढायच्या असतील, तरच मोठ्याचे पैसे वसूल!

इथे बँडसॉची खरी कमाल दिसते. त्याचं पातं साधारण दीड मिलिमीटर लाकूड खातं, गोल करवतीचं तीन. म्हणजे १५० मिलिमीटर जाडीच्या ठोकळ्यातून सहा मिलिमीटरच्या २० फळ्या निघतात, गोल करवतीने १७. रंध्याची घट वेगळी.

बांधावरची बाभूळ

समजा, तुमचं गाव मिरजगाव. अहिल्यानगर जिल्ह्यातला कर्जत तालुका, नगर-सोलापूर रस्ता, कमी पावसाचा मुलूख. इथल्या बांधावर भेटणार बाभूळ नाहीतर कडुलिंब. बाभूळ सागापेक्षा जड आणि टणक. बैलगाड्या आणि औतं तिच्यावरच चालली. आजोबांच्या वेळची बाभूळ वादळात पडली आणि तिचं डायनिंग टेबल करायचं मनात आलं, तर हा हट्ट अगदी झकास आहे.

पण तो ओंडका घरच्या मशीनवर चढवू नका. बँडसॉ लाकूड खाली टेबलाकडे दाबतो, त्यामुळे ते गोल करवतीसारखं अंगावर उसळत नाही, हे खरं. गोल लाकूड मात्र कापताना गरकन फिरतं आणि धरलेला हात पात्याकडे ओढतं. टेबल वर्षभर उशिरा झालं तरी चालेल, बोटं परत येत नाहीत! ओंडका वखारीत चिरून घ्या. फळ्या सावलीत, मध्ये पट्ट्या ठेवून रचा. एक इंच जाडीला एक वर्ष, हा वाळवण्याचा जुना ठोकताळा. वाळलेल्या फळीवर मग घरचा बँडसॉ चालवा.

वीज आणि वनखातं

मोठ्या मशीनला दोन-तीन हॉर्सपॉवरची मोटर लागते. तीन हॉर्सपॉवर म्हणजे सव्वादोन किलोवॅट, आणि सुरू होताना करंट त्याच्या कितीतरी पट. पडवीतल्या बल्बच्या वायरवर हे झेपणार नाही. वीजबिलावरचा मंजूर भार बघा, स्वतंत्र लाइन आणि अर्थिंग करून घ्या. शेतीपंपाच्या कनेक्शनवर मशीन लावायचा मोह तर अजिबात नको.

दुसरी गोष्ट दुकानदार सहसा सांगत नाही. सुप्रीम कोर्टाने ऑक्टोबर २००२ मध्ये विनापरवाना आरा गिरण्या बंद करण्याचे आदेश दिले. केंद्राच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांमध्येही लाकूड उद्योगांना परवान्यातून सूट देताना बँडसॉ नसण्याची अट घातली. म्हणून पैसे भरण्याआधी तालुक्याच्या वनपरिक्षेत्र कार्यालयात जा, मशीनचा आकार आणि घरगुती वापर लेखी कळवा आणि उत्तरही लेखी घ्या. दोन लाख गुंतवून मशीनला सील लागण्यापेक्षा एक सुट्टी खर्च झालेली बरी, नाही का?

खरेदीआधी चार प्रश्न

• गेल्या वर्षभरात सहा इंचांपेक्षा उंच काप किती वेळा लागला?
• मशीनचं वजन दीडशे-दोनशे किलोच्या घरात जातं. पडवीची फरशी तेवढी पक्की आहे?
• त्या लांबीचं पातं जोडून देणारा जवळ कुणी आहे?
• भुसा ओढायची सोय आणि मास्क बजेटमध्ये धरलाय?

पहिल्याच प्रश्नाचं उत्तर ‘दोनदा’ असेल, तर सध्याच्या मशीनला एक चांगलं नवं पातं बसवा. उरलेल्या पैशांत वाळलेलं उत्तम लाकूड येईल, आणि या वीकेंडला कामही सुरू होईल.