फुसका बार कसा ओळखावा?

न उडालेल्या फटाक्यावर वाकून पाहू नये, हे आपल्याकडे मुलांना दर दिवाळीला बजावलं जातं. रायफलच्या फुसक्या बारालाही हाच नियम लागू आहे. रेंजवर नवशिक्यांना शिकवताना मी नेम धरण्याआधी एवढंच सांगतो: चाप ओढल्यावर ‘धाड्’ऐवजी नुसतं ‘टक्’ ऐकू आलं, तर नळी लक्ष्याकडेच राहू द्या, बोल्ट उघडू नका आणि निदान ३० सेकंद थांबा.

असं का, ते समजायला काडतूस माहीत हवं. पितळी पुंगळी, तिच्या बुडाशी टोपी, आत दारू आणि तोंडाशी गोळी. फायरिंग पिन टोपीवर आदळते, टोपीतलं मिश्रण पेटतं आणि त्याची ज्वाला दारूत शिरते. ठोक्यानं पेटणाऱ्या मिश्रणाची ही युक्ती स्कॉटलंडमधले धर्मोपदेशक अलेक्झांडर फोर्सिथ यांची. त्यांना शिकारीचा नाद होता. गारगोटीच्या बंदुकीची ठिणगी आणि धूर पाहून पक्षी गोळी सुटण्याआधीच उडून जात. १८०७ साली त्यांनी आपल्या शोधाचं पेटंट घेतलं.

ही ज्वाला दुबळी असेल तर दारू लगेच भडकत नाही. क्वचित थोड्या विलंबानं बार उडतो. याला हँगफायर म्हणतात. तेवढ्यात बोल्ट उघडलेला असेल, तर पितळेचे तुकडे तोंडावर येतात. म्हणून ते ३० सेकंद.

त्यानंतर काडतूस बाहेर काढा आणि टोपी पाहा. तिच्यावरचा खळगा बरंच काही सांगतो. खळगा उथळ असेल तर दोष बहुधा रायफलचा: स्प्रिंग ढिली झालेली, पिन झिजलेली, बोल्ट पुरता बसलेला नाही किंवा त्यात जुनं तेल घट्ट झालेलं. खळगा खोल असूनही बार झाला नसेल, तर संशय काडतुसावर घ्यायचा. ओल आणि तेल हे टोपीचे दोन वैरी. रायफलला भरपूर तेल पाजणारे हौशी लोक मी पुष्कळ पाहिलेत. ते तेल झिरपून टोपीत शिरलं, की मिश्रण निकामी होऊ शकतं.

आता न जळलेल्या दारूकडे वळू. धूर न करणारी दारू फ्रान्सच्या पॉल व्हिएय यांनी १८८४ मध्ये तयार केली. तिचा स्वभाव मोठा विलक्षण. चिमूटभर दारू उघड्यावर पेटली तर नुसती भुरभुर जळते. कोंडली की तिचा वेग वाढतो. दाब वाढला की जळणं वाढतं, जळणं वाढलं की दाब आणखी वाढतो. रायफलमध्ये हा दाब हवेच्या दाबाच्या साडेतीन-चार हजार पटीपर्यंत जातो, आणि हे सारं सेकंदाच्या एक-दोन हजारांश भागात उरकतं. सुरुवातीलाच दाब कमी पडला, तर हे चक्र फिरत नाही आणि दारूचे दाणे तसेच राहतात. टोपी कमजोर, दारू कमी किंवा दमट, किंवा गोळी पुंगळीत सैल बसलेली, ही त्याची नेहमीची कारणं.

नळीत चार-दोन दाणे सापडले तर घाबरण्याचं कारण नाही. मात्र आवाज ‘फुस्स’ झाला, धक्का नेहमीपेक्षा हलका बसला आणि दाणे पुष्कळ सांडले, तर गोळीबार तिथेच थांबवायचा. गोळी नळीतच अडकलेली असू शकते. तिच्यामागून दुसरी गोळी झाडली तर नळी फुटते, आणि नेमबाजाचा हात किंवा डोळा जाऊ शकतो. थोडं थांबून रायफल रिकामी करायची आणि मागच्या बाजूनं नळीतून आरपार उजेड दिसतो का, ते पाहायचं. दिसला नाही, तर पुढचं काम आर्मररचं. सळई घालून ठोकाठोकी करू नये, आणि घरी काडतूस उघडण्याच्या फंदात तर मुळीच पडू नये.

शेवटचं काम कंटाळवाणं आहे आणि पुष्कळदा तेच राहून जातं. फसलेलं काडतूस वेगळं ठेवून रेंजच्या अधिकाऱ्याकडे द्यावं, खोक्यावरचा लॉट नंबर नोंदवावा. एकाच लॉटची काडतुसं अनेक हातांत जातात. रेंजवर बार फुसका निघाला तर गुण जातो. पहाऱ्यावरच्या शिपायाच्या हातात निघाला, तर त्याच्या जिवावर बेतू शकतं. आपण लिहिलेली एक ओळ त्याच्यापर्यंत वेळेत पोचली पाहिजे.