लॅपटॉप परत द्यायचाय, पण आतल्या व्हर्च्युअल मशीनचं काय?

पीएचडी संपते, दुसऱ्या देशात पोस्टडॉक मिळतो आणि विद्यापीठाचा मेल येतो: लॅपटॉप जमा करा. पेपर आणि कोड तुम्ही क्लाउडवर टाकलेले असतातच. पण तुमचं सगळं विश्लेषण ज्या जुन्या उबुंटूवर चालतं, ती व्हर्च्युअलबॉक्समधली मशीन? सहा महिन्यांनी रिव्ह्यूअरने एखादी आकृती पुन्हा काढायला सांगितली, तर तीच लागणार.

व्हर्च्युअल मशीन म्हणजे मुख्यतः दोन फायली. एक भलीमोठी डिस्क फाइल, आणि दुसरी छोटीशी, जिच्यात मेमरी किती, नेटवर्क कार्ड कोणतं, अशी नोंद असते. बाहेर विंडोज आहे की लिनक्स, याच्याशी डिस्क फाइलला फारसं देणंघेणं नसतं. म्हणून ऑपरेटिंग सिस्टीम बदलणं तसं सोपं असतं. खरी अडचण प्रोसेसरची.

आतली सिस्टीम आपल्या बहुतेक सूचना थेट खऱ्या प्रोसेसरवर चालवते, म्हणून तर ती वेगवान असते. इंटेल आणि एएमडीची भाषा एकच, एक्स८६. पण २०२० मध्ये आलेल्या एम१ पासून अ‍ॅपलच्या चिप एआरएम भाषा बोलतात. तिथे जुनी मशीन चालवायची तर मध्ये दुभाषा बसवावा लागतो. यालाच इम्युलेशन म्हणतात. यूटीएमसारखं सॉफ्टवेअर ते करतं, पण प्रत्येक सूचनेचं भाषांतर होत असल्यामुळे काम फार हळू चालतं. एखादी फाइल उघडून बघायला ठीक, रात्रभराच्या सिम्युलेशनला नाही. मॅकच घेणार असाल, तर एआरएमवाली उबुंटू नव्याने बसवा किंवा जुनी मशीन एखाद्या इंटेल सर्व्हरवर ठेवा.

नवा कॉम्प्युटर इंटेल किंवा एएमडीचा असेल तर काम सरळ आहे. मशीन पूर्ण शटडाउन करा, नुसती 'सेव्ह' करून ठेवू नका. अर्धवट झोपलेली मशीन दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये जागी होत नाही. मग ओव्हीए फाइल एक्स्पोर्ट करा. तिच्यात फक्त आत्ताची अवस्था जाते, जुने स्नॅपशॉट जात नाहीत. लिनक्सवरही व्हर्च्युअलबॉक्स वापरणार असाल तर तीच फाइल इम्पोर्ट करायची, झालं. केव्हीएम वापरणार असाल तर ओव्हीए उघडा (ती साधी टार फाइल असते), आतली व्हीएमडीके डिस्क काढा आणि क्यूईएमयूच्या कन्व्हर्ट कमांडने ती क्यूकाऊ२ मध्ये बदला.

नेमकं कुठे अडतं, तेही बघा. पेनड्राइव्ह एफएटी३२ असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर बसतच नाही. एक्सफॅट करून घ्या. कॉपी झाल्यावर दोन्हीकडचा चेकसम जुळतोय का ते पाहा. आत लिनक्स असेल तर नेटवर्क कार्डाचं नाव बदलतं आणि इंटरनेट गेल्यासारखं वाटतं. सेटिंगमध्ये नवं नाव घातलं की येतं. आत विंडोज असेल आणि केव्हीएमवर जायचं असेल, तर व्हर्टआयओ ड्रायव्हर आधीच टाकून घ्या, नाहीतर तिला स्वतःची बूट डिस्कच सापडत नाही. बिटलॉकर चालू असेल तर रिकव्हरी की लिहून ठेवा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे शेअर्ड फोल्डर. तो आतून दिसतो म्हणून मशीनमध्येच आहे असं वाटतं, पण तो असतो बाहेरच्या लॅपटॉपवर. ओव्हीएमध्ये तो येत नाही. तुमचा कच्चा डेटा तिथे असेल तर वेगळा कॉपी करा.

नव्या कॉम्प्युटरवर मशीन सुरू झाली म्हणजे काम झालं असं समजू नका. थीसिसमधली एक आकृती तिथे पुन्हा काढा आणि जुन्या आकृतीशी आकडे ताडून बघा. जुळले की मग लॅपटॉप द्या. बसवलेल्या पॅकेजची नावं आणि आवृत्त्या मात्र एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहून ठेवा. पुढचा कॉम्प्युटर कुठल्या चिपचा असेल कुणास ठाऊक, पण ती यादी कुठेही वाचता येईल.